तिकीट आणि थाळी : फिरत्या जादूच्या प्रयोगांचा सामाजिक इतिहास
(आंबेठाण-चाकण-पिंपरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मराठी रंगभूमीचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात फिरतीचा इतिहास आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले आणि पुढील काळात नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीशी बांधून गावोगाव हिंडू लागल्या. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांची मंडळी उभी राहिली, त्याच वर्षी विष्णुपंत छत्रे यांच्या सर्कशीचा खेळ सुरू झाला, १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी आली. या सर्वांच्या मुक्कामांविषयी, कर्जांविषयी, पंगतींविषयी आणि भांडणांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. तमाशाच्या फडांवरही अलीकडच्या दशकांत गांभीर्याने अभ्यास झाला. परंतु याच रस्त्यांवरून, अनेकदा याच नाट्यगृहांतून, पेट्या घेऊन फिरणाऱ्या जादूगाराच्या मंडळीकडे मात्र इतिहासलेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. जादू ही मुलांची करमणूक, सुटीतली गंमत, असा समज त्यामागे असावा.

प्रस्तुत निबंधात या उपेक्षित व्यवसायाचा विचार पुणे जिल्ह्यातील चाकण ते पिंपरी-चिंचवड या पट्ट्याच्या अनुषंगाने केला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण केवळ सोयीचे नाही. मराठी रंगमंचीय जादूतील सर्वांत परिचित नाव, जादूगार रघुवीर, हे याच मातीतले. शिवाय शेतीच्या बाजारपेठेतून कारखान्यांच्या पट्ट्यात झालेले या भागाचे रूपांतर फिरत्या करमणुकीचा प्रेक्षक कसा बदलत गेला, हे समजून घेण्यास उपयुक्त आहे. रस्त्यावरचा गारुडी आणि रंगमंचावरचा जादूगार यांच्यातील अंतर आपण कलेचे मानतो. प्रत्यक्षात ते बहुतांशी पैसे केव्हा आणि कोठे घेतले जातात याचे अंतर आहे, आणि ते पक्के करण्यात कायद्याचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आंबेठाणचे रघुवीर

रघुवीर भोपळे यांचा जन्म १९२४ साली खेड तालुक्यातील, चाकणजवळच्या आंबेठाण येथे झाला. पुढे ते पुण्यास आले आणि 'जादूगार रघुवीर' या नावाने त्यांनी देशात व परदेशात प्रयोग केले. १९८४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र विजय रघुवीर व नातू जितेंद्र रघुवीर यांनी हाच व्यवसाय पुढे चालविला. एकाच घराण्यात तीन पिढ्या जादूचा रंगमंचीय प्रयोग टिकून राहावा, ही गोष्ट महाराष्ट्रात विरळ आहे. नाटक कंपन्यांपैकी फारच थोड्यांना असे आयुष्य लाभले.

रघुवीरांनी लेखनही केले. त्यांच्या दोन पुस्तकांची नावे या निबंधाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत : 'प्रवासी जादूगार' आणि 'मी पाहिलेला रशिया'. स्वतःच्या व्यवसायाविषयी लिहिताना एखादा जादूगार 'थोर', 'अद्भुत' किंवा 'मायावी' अशी विशेषणे निवडू शकला असता. व्यवसायात तशा विशेषणांची वाण कधीच नव्हती. रघुवीरांनी 'प्रवासी' हे विशेषण निवडले. जादूगार आपली विद्या झाकतो, पण आपला प्रवास सांगू शकतो. रहस्य न सांगता आत्मकथन करावयाचे तर प्रवासवर्णनाखेरीज दुसरा साहित्यप्रकार त्याला फारसा उपलब्धच नसतो.

येथे एक गोष्ट ओघाने नमूद करण्यासारखी आहे. आज आंबेठाणचे नाव निघाले की बहुतेकांना शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात. त्यांनी १९७७ साली येथे जमीन घेऊन शेती सुरू केली आणि चाकणच्या कांदा आंदोलनातून ते महाराष्ट्रापुढे आले. कांद्याचा भाव आणि जादूचा प्रयोग यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. मात्र कोरडवाहू शेतीच्या या पट्ट्यातून पुण्या-मुंबईकडे जाण्याची जी निकड शेतकऱ्यांच्या मुलांना होती, तिचा तपशील जोशींच्या लेखनातून जितका कळतो तितका कलावंतांच्या चरित्रांतून कळत नाही. चाकणच्या मुलाने शिक्षणासाठी किंवा पोटासाठी पुणे गाठणे हे स्वातंत्र्यपूर्व काळात नेहमीचेच होते. तेथून पुढे देशोदेशी जाणे मात्र नेहमीचे नव्हते.

जादूगाराला थांबता का येत नाही

गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते. संगीत नाटकाचा रसिक एकच पद दहा प्रयोगांत ऐकून अकराव्या प्रयोगाला जात असे, आणि 'वन्स मोअर' हे त्या रंगभूमीचे वैभव होते. जादूच्या व्यवसायात 'वन्स मोअर' ही धोक्याची सूचना आहे. एकाच प्रेक्षकांपुढे तोच खेळ लगेच पुन्हा करू नये, हा या विद्येचा जगभर पाळला जाणारा नियम. पहिल्या वेळी प्रेक्षक जादूगार दाखवील तेथे पाहतो. दुसऱ्या वेळी तो नेमका इतरत्र पाहू लागतो. आश्चर्य हा जादूगाराचा माल आहे आणि तो एका गिऱ्हाईकाला एकदाच विकता येतो.

याचा आर्थिक परिणाम सरळ आहे. जादूगाराने एक तर कार्यक्रम बदलावा किंवा गाव बदलावे. नवा कार्यक्रम म्हणजे सुताराकडून नवे साहित्य, शिंप्याकडून नवे कपडे, सहकाऱ्यांची महिनोन्महिने तालीम आणि एवढे करून खेळ वठेलच याची शाश्वती नाही. गाव बदलण्यास ट्रकचे भाडे आणि नाट्यगृहाची अनामत रक्कम पुरते. म्हणून जादूगार गाव बदलतो. नाटक मंडळी स्थिरावू शकते, तिला शहरात आपला प्रेक्षक बांधता येतो. जादूची मंडळी स्थिरावली की तिचा प्रेक्षक संपत जातो. फिरती ही येथे कलावंताची हौस नसून कलेच्या घडणीतूनच आलेली सक्ती आहे.

या सक्तीने प्रयोगाचे रूपही घडविले. साहित्य घडीचे हवे, पेटीत बसणारे हवे, वाटेत आदळले तरी न मोडणारे हवे. बोलणे थोडे हवे, कारण पुढचा मुक्काम दुसऱ्या भाषेच्या मुलखात असू शकतो. संगीत आणि वेषभूषा भरपूर हवी, कारण त्यांना भाषांतराची गरज नसते. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय जादूला जागतिक कीर्ती मिळवून देणारे पी. सी. सरकार (१९१३-१९७१) यांचा 'इंद्रजाल' हा प्रयोग याचे ठळक उदाहरण होय. सरकार राजाच्या पोषाखात, तुरा लावलेल्या फेट्यात रंगमंचावर येत. दिमाखदार पडदे, वाद्यवृंद आणि मोठा संच हे त्यांचे वैशिष्ट्य. गोगिया पाशा (१९१०-१९७६) यांनी मध्यपूर्वेकडील वेष आणि 'गिली गिली'चा पुकारा रूढ केला. तो आजही आपल्याकडील मुलांच्या तोंडी आहे. रघुवीरांचे समवयस्क, १९२४ सालीच जन्मलेले के. लाल यांचे प्रयोग भव्य साहित्यासाठी गाजले. या सर्वांच्या आयुष्याचा मोठा भाग बिऱ्हाडाबाहेर गेला. सरकारांना तर मृत्यूही दौऱ्यावरच आला. ६ जानेवारी १९७१ रोजी जपानमधील होक्काइडो बेटावर त्यांचे निधन झाले आणि उरलेले प्रयोग त्यांच्या पुत्राने पार पाडले. ठरलेल्या तारखा, विकलेली तिकिटे आणि परदेशात अडकलेला संच यांपुढे शोकालाही थांबावे लागते.

मुक्कामाचा दिवस

फिरत्या जादूच्या प्रयोगाचा दिवस पडदा वर जाण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. मंडळीचा व्यवस्थापक आठ-पंधरा दिवस अगोदर गावात येतो. नाट्यगृहाची तारीख, पोलीस व नगरपालिकेची परवानगी, भिंतीवरचे फलक, रिक्षावरचा कर्णा ही त्याची कामे. मुख्याध्यापकांना भेटून सवलतीच्या दरातील तिकिटे शाळेत खपविणे हे त्यांहून महत्त्वाचे काम, कारण मुले आली की पालक येतात. अनेक जादूगार गावात शिरताना डोळ्यांवर पट्टी बांधून मोटारसायकल चालवीत. हा खेळ फुकट दाखविला जाई. तिकिटाच्या प्रयोगाची जाहिरात रस्त्यावरच करावी लागे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

सकाळी ट्रक येतो. गावातले हमाल पेट्या उतरवतात, पण उघडीत नाहीत. त्या उघडण्याचा अधिकार मंडळीतल्या माणसांनाच असतो. श्रमाची अशी विभागणी इतर कोणत्याही फिरत्या करमणुकीत आढळत नाही. सर्कशीचा तंबू उभारताना गावची माणसे सर्रास हाताशी घेतली जात. जादूच्या मंडळीला मदतीची गरज असते आणि मदतीची भीतीही असते. परिणामी थोड्या माणसांवर फार काम पडते आणि ती माणसे शक्यतो घरचीच असावीत असा कल राहतो. तमाशाचा फड दसऱ्याला उचल देऊन कलावंत बांधून घेतो. हंगाम संपला की करार संपतो. याच पुणे-नाशिक रस्त्यावर पुढे नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा-पुढारी तेथे येऊन सुपारी ठरवितात. जादूच्या मंडळीत असा वार्षिक करार अवघड, कारण करार संपवून जाणारा माणूस रहस्य घेऊन जातो. तीन-तीन पिढ्यांची जादूगार घराणी निर्माण होण्यामागे वारशाच्या अभिमानाइतकेच हे व्यावहारिक कारणही असले पाहिजे.

पेट्या उतरल्या की रंगमंच पाहणे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर (उद्घाटन १९६८) काय किंवा तालुक्याच्या गावचे सभागृह काय, ही बांधली गेली नाटकासाठी. नाटकाला समोरचा प्रेक्षक महत्त्वाचा, जादूला कोपऱ्यातला. म्हणून अनुभवी जादूगार सर्वांत आधी डाव्या-उजव्या टोकाच्या खुर्च्यांवर आणि सज्जात जाऊन बसतो व तेथून काय दिसते ते पाहतो. एखाद्या नाट्यगृहात कडेच्या आसनांवरून विंगेतले दिसत असेल तर काळे पडदे पुढे ओढावे लागतात किंवा तो खेळच गाळावा लागतो. मैदानातील खुल्या प्रयोगात प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसतो. तेथे अर्धा कार्यक्रम बाद होतो. वीज गेली तर प्रकाशावर अवलंबून असलेले खेळ थांबतात. पावसाळी हवेत कागद आणि रेशीम लवचीकपणा सोडतात. यांपैकी काहीही प्रेक्षकांस सांगता येत नाही.

यानंतरचे काम या व्यवसायाचे खास म्हणावे असे आहे. ते म्हणजे साहित्य 'भरणे'. दोन मिनिटांत रिकाम्या डब्यातून रुमाल, फुले आणि पक्षी निघतात, पण ते तेथे नीट घडी करून, योग्य क्रमाने ठेवण्यास कोणीतरी तासभर बसलेले असते. दुपारी आणि रात्री असे दोन प्रयोग असतील तर मधल्या वेळात सगळे पुन्हा भरावयाचे. रुमालांना इस्त्री करावयाची, पिसांची फुले झटकावयाची, कबुतरांना दाणापाणी द्यावयाचे. प्राण्यांबाबत नियमही आले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये २००१ साली खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम लागू झाले आणि पिंजऱ्याबरोबर कागदपत्रांची पिशवीही दौऱ्यावर येऊ लागली. रात्री पडदा पडला की सारे पेट्यांत जाते आणि ट्रक पुढच्या गावाला निघतो.

तिकीट आणि थाळी

रंगमंचावरील या साऱ्या खटाटोपाचे मूळ रस्त्यावर आहे. आपल्याकडे ही विद्या प्राचीन. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दोरीवरून आकाशात चढणारा मायावी आणि भूमीवर उभा असलेला खरा मायावी यांचा दृष्टान्त दिला आहे. तत्त्वज्ञानात दृष्टान्त द्यावयाचा तर तो श्रोत्यांच्या ओळखीचा हवा, याचा अर्थ खेळ तेव्हा परिचित असणार. संत एकनाथांच्या भारुडांत गारुडी येतो. युरोपीय प्रवाशांनी हिंदुस्थानी जादूगारांची वर्णने लिहून ठेवली. त्यांत अतिशयोक्तीही पुष्कळ. दोरीच्या जादूची आधुनिक दंतकथा तर १८९० साली शिकागोतील एका वृत्तपत्राने छापलेल्या बनावट वृत्तातून जगभर पसरली. पुढे त्या वृत्तपत्राने खुलासा केला, पण खुलासा कोणी वाचला नाही. रिकामा केलेला लोटा पुन्हा पुन्हा पाण्याने भरून दाखविण्याचा खेळ 'वॉटर ऑफ इंडिया' या इंग्रजी नावाने जगाच्या रंगमंचावर गेला. वाट्या आणि गोळ्या, पाण्याचा लोटा, टोपलीतला मुलगा हे सारे रस्त्यावरचे खेळ. भारतीय रंगमंचीय जादूगाराने त्यांवर रोषणाई टाकली.

मग दोघांत फरक कोणता? गारुडी खेळ दाखवितो आणि नंतर थाळी फिरवितो. ज्याला आवडले तो पैसे टाकतो, ज्याला नाही तो निघून जातो. रंगमंचावरील जादूगार आधी पैसे घेतो आणि मग खेळ दाखवितो. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर जोखीम गारुड्याची मोठी आणि प्रामाणिकपणाही त्याचाच मोठा म्हणावा लागेल. न आवडलेल्या प्रयोगाचे पैसे रंगमंदिरात परत मिळत नाहीत.

कायद्याने मात्र या फरकाचा निराळाच अर्थ लावला. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ अन्वये करमणूक म्हणजे पैसे घेऊन प्रवेश दिला जाणारे प्रदर्शन, प्रयोग वा खेळ. प्रवेशमूल्य असेल तर ती करमणूक. तिच्यावर शुल्क आहे, आणि शुल्काबरोबर मान्यताही आहे. उलट मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ ने भीक मागण्याची व्याख्या करताना सार्वजनिक ठिकाणी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे अशा 'बहाण्याने' पैसे मागणे वा स्वीकारणे हेही भिकेतच धरले. म्हणजे तोच लोटा, तेच पाणी, तीच हातचलाखी. खुर्च्यांपुढे केली तर करमणूक, चौकात केली तर बहाणा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत जुने करमणूक शुल्क विलीन झाले. भीक प्रतिबंधक कायद्याच्या अनेक तरतुदी २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या, परंतु तो निर्णय दिल्लीत लागू असलेल्या तरतुदींपुरता होता.

महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत गारुडी आहेत, कोल्हाटी-डोंबारी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याचा साप गेला, १९५९ च्या कायद्याने त्याचा चौक धोक्यात आला. साप जाण्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तो निर्णय योग्यच होता. मात्र पर्यायी उपजीविका न देता एकामागून एक साधने काढून घेतली गेली आणि त्याच काळात त्याच विद्येचे रंगमंचीय रूप संस्कृती म्हणून गौरविले गेले, हे नोंदविले पाहिजे. राजाचा पोषाख, फेट्याचा तुरा, नावामागे लावलेले 'प्रोफेसर' ही बिरुदे केवळ डौलासाठी नव्हती. आपण थाळी फिरविणाऱ्यांपैकी नव्हे, हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास, नाट्यगृहाच्या व्यवस्थापकास आणि मुलांना घेऊन येणाऱ्या मध्यमवर्गीय पालकास पाहताक्षणी कळावे, ही त्यांची खरी कामगिरी होती. जादूगाराच्या वेषाकडे या नजरेने पाहिले असता तो एक प्रकारचा परवानाच होता असे दिसते.

याच सीमारेषेवर आणखी एक फिरती परंपरा उभी राहिली. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळा-महाविद्यालयांतून चमत्कारांची प्रात्यक्षिके करीत हिंडू लागले. हातचलाखी दाखवावयाची आणि मग ती उकलून सांगावयाची, ही त्यांची पद्धत. रंगमंचीय जादूगार येथवर येतो आणि थांबतो. 'ही हातचलाखी आहे' एवढे तो सांगू शकतो. कशी, हे सांगितले तर त्याच्या पेट्यांची किंमत शून्य होते. अमेरिकेत हुदिनीने भोंदू माध्यमांचा भंडाफोड केला, पण स्वतःच्या सुटकेची रहस्ये राखून ठेवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्या प्रतिबंधाचा कायदा झाला. कायद्याच्या नावात 'जादूटोणा' आहे आणि नाट्यगृहाच्या फलकावर 'जादू' आहे. एकाच फारसी शब्दाने मराठीत दोन परस्परविरोधी गोष्टींना सामावून घेतले आहे. हातचलाखी जाहीरपणे करमणूक म्हणून विकणारा माणूस हा भोंदूचा खरा प्रतिस्पर्धी होय, हे या शब्दसाम्यामुळे झाकले जाते.

कारखान्यांच्या पट्ट्यात

रघुवीरांच्या बालपणीचे चाकण हे बाजाराचे गाव होते. त्यांच्या उमेदीच्या काळात शेजारचा पिंपरी-चिंचवड परिसर झपाट्याने बदलला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात बजाज ऑटो आणि टेल्को येथे आल्या. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि परप्रांतांतूनही माणसे येथे आली. फिरत्या जादूगाराच्या दृष्टीने ही एक अपूर्व घटना होती. ज्या निरनिराळ्या मुलखांतले प्रेक्षक गाठण्यासाठी त्याला शेकडो मैल हिंडावे लागे, ते सारे एका नगरात येऊन राहिले होते. भाषा वेगवेगळ्या, पण बोलण्यावर न विसंबणाऱ्या प्रयोगाला ती अडचण नव्हती.

अडचण होती ती वेळेची. गावच्या जत्रेला तिथी असते, कारखान्याला पाळी असते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी अशा चक्रात नगराचा एक भाग नेहमी झोपलेला आणि एक नेहमी कामावर असतो. त्यातच वीजपुरवठ्याच्या नियोजनामुळे या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी ठरली. पुण्यातील नाट्यव्यवसायाचा सारा हिशेब शनिवार-रविवारवर चालतो. येथे कामगाराला गुरुवारी सुटी आणि त्याच्या मुलांना रविवारी. सहकुटुंब पाहावयाच्या करमणुकीसाठी यासारखी गैरसोय दुसरी नाही. कामगार वसाहतींतील गणेशोत्सव, कारखान्याचा वार्षिक स्नेहमेळावा, शाळेची स्नेहसंमेलने अशा प्रसंगी मात्र प्रेक्षक एकत्र सापडतो. अशा कार्यक्रमांत तिकीट नसते, सुपारी असते. पैसे कारखाना किंवा मंडळ देते आणि प्रेक्षक फुकट पाहतो. म्हणजे थाळी नाही आणि तिकीटही नाही, असा तिसराच व्यवहार येथे रूढ झाला.

या व्यवहाराने प्रयोगाचे आकारमान घटविले. तीन तासांच्या संपूर्ण कार्यक्रमाऐवजी पाऊण तास, पूर्ण संचाऐवजी तीन माणसे, ट्रकऐवजी एक गाडी. पुढे चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह अशी महापालिकेची मोठी नाट्यगृहे झाली. तोवर घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचली होती आणि आश्चर्य एकदाच विकता येते हा जुना नियम अधिक कठोर झाला होता. पूर्वी एका गावात संपलेला खेळ दुसऱ्या गावात नवा असे. पडद्यावर दिसलेला खेळ एका रात्रीत सर्व गावांत जुना होतो. आता तर प्रेक्षागृहातील प्रत्येक हातात कॅमेरा आहे आणि तो, जादूगाराने प्रेक्षकांना जेथे पाहू दिलेले नाही, नेमके तेच टिपण्यासाठी रोखलेला असतो.

चाकण स्वतः यात उशिरा ओढले गेले. मोटार उद्योगाचे मोठे प्रकल्प एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे एकवटले. पुणे-नाशिक रस्त्यावरील आंबेठाण चौकात आज मालट्रकांची रांग लागलेली असते. प्रवासी जादूगाराच्या गावाकडे वळण्याचा रस्ता हाच.

पेटीतली माणसे

सरकारांच्या १९५६ च्या लंडन दौऱ्याची हकिगत सर्वत्र सांगितली जाते. ९ एप्रिल रोजी बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांनी एका तरुणीला करवतीने कापण्याचा खेळ केला. ती उठण्यापूर्वीच वेळ संपल्याने निवेदकाने कार्यक्रम आटोपता घेतला आणि मुलगी खरोखर मेली असे समजून प्रेक्षकांनी दूरध्वनींचा भडिमार केला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी त्यांचे नाव घरोघर नेले. त्या मुलीचे नाव दीप्ती डे. वय सतरा. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे याचे कारण एकच : प्रयोगाची वेळ चुकली आणि ती जिवंत आहे काय, याची चौकशी लोकांनी केली. प्रयोग वेळेत संपला असता तर ती इतर असंख्य सहकारी स्त्रियांप्रमाणे 'एक तरुणी' एवढीच राहिली असती.

जादूच्या प्रयोगातील अवघड शारीरिक काम बहुधा जादूगाराचे नसते. ते पेटीत आखडून बसणाऱ्या, क्षणात कपडे बदलून दुसऱ्या टोकाला प्रकटणाऱ्या, श्वास रोखून निश्चल राहणाऱ्या सहकाऱ्यांचे असते. पेटीचे माप ठरलेले, म्हणून शरीराचे माप ठरलेले. वजन वाढले की नोकरी जाते. तमाशातील नर्तकीला निदान तिच्या नावाने ओळखले जाते, तिच्यासाठी प्रेक्षक येतो. जादूतील सहकारी जितकी निष्णात, तितकी ती अदृश्य, कारण ती काही करते आहे हे कळले तर खेळच फसतो. मराठी जादूगारांवरील उपलब्ध लेखनात या व्यक्तींची नावे शोधूनही क्वचितच सापडतात. गोपनीयतेची शपथ रहस्याबरोबर श्रमिकालाही गिळून टाकते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक साधी वाट उपलब्ध आहे. महापालिकेच्या नाट्यगृहांत तारखा दिल्या जातात, अनामत घेतली जाते, पावत्या फाडल्या जातात. या दप्तरात जादूच्या प्रयोगांची नोंद तारीखवार मिळू शकेल आणि कोणत्या वर्षी किती, गुरुवारी किती, रविवारी किती, हे मोजता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय आटोपशीर आहे. नोंदवहीत संस्थेचे नाव असेल, भरलेली रक्कम असेल, ध्वनिवर्धकाचे वेगळे भाडे असेल. पेटीत कोण बसले होते ते मात्र पावतीवर लिहिण्याची पद्धत नाही. त्यासाठी निवृत्त सहकाऱ्यांची घरे गाठावी लागतील, आणि ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत.